मृदुला साळिंदरची सपाट रेघ

एका जंगलात अज्ञानाचा मिट्ट काळोख पसरला असेल, असे मृदुला साळिंदरला वाटले होते.

हो बाळांनो, तिचे नाव मृदुलाच होते. तिच्या पाठीवर चारशे काटे होते हे खरे. पण साळिंदराचे काटे जन्मतः मऊ असतात, आणि नाव तेव्हाच ठेवतात. त्यात आईबापांचा काही दोष नाही.

मृदुला सात डोंगर ओलांडून विद्यावनात शिकायला गेली होती. तिथे ती सहा वर्षे रेघा काढायला शिकली. साध्या रेघा नव्हेत. किती पाऊस पडला, किती फळे लागली, कोण किती वाढले, ते आकडे घेऊन काढायच्या रेघा. खाली आडवा आस, डावीकडे उभा आस, आणि दोन्हींच्या मध्ये सत्य. असे तिथले गरुडगुरुजी म्हणत.

शिक्षण संपले. वर्गातल्या बाकीच्यांनी तिथेच घरटी बांधली. मृदुला म्हणाली, "मी परत जाणार. माझ्या जंगलाला माझी गरज आहे."

जंगलाने तसे काही कळवले नव्हते.

सातही डोंगरांवर ती मनात एकच चित्र रंगवत आली. जंगलात एकही रेघ नसेल. प्राणी तळ्याकाठी हताश बसलेले असतील. ती येईल. पहिली रेघ काढेल. एखादे म्हातारे हरीण डोळे पुसेल.

ती पोहोचली तेव्हा प्राणी तळ्याकाठी गप्पा मारत पाणी पीत होते. तळ्याशेजारच्या मोठ्या खडकावर रेघ आधीपासूनच होती. म्हातारे हरीणही होते. पण ते झोपले होते.

तिची आत्या तेवढी धावत आली.

"आलीस गं बाई! किती वाळलीस! काट्यांना तेल लावत नाहीत का तिकडे?"

"आत्या, तो खडक कोणी आखला?" मृदुलाने विचारले. सहा वर्षांनी भेटल्यावरचे हे तिचे पहिले वाक्य होते.

"तो होय? धोंडोपंतांनी. आधी पाणी पी."

आत्याने पळसाच्या पानांचा द्रोण पुढे केला. मृदुला पाणी प्यायली. नजर खडकावरच होती. पुढेही रोज सकाळ-संध्याकाळ आत्या तिला असा भरलेला द्रोण आणून देऊ लागली. एवढ्या शिकलेल्या पोरीने काठावर वाकून पाणी प्यावे, हे आत्याला बरे वाटत नसे. आणि मृदुलाला वेळ नसे.

आता धोंडोपंतांविषयी सांगतो. धोंडोपंत म्हणजे तळ्यातले सगळ्यांत जुने कासव. रोज संध्याकाळी ते तळ्यातून बाहेर येत, पायाला पांढरी माती लावत आणि त्या दिवशी पाणी किती आहे त्याचा एक ठिपका खडकावर उठवत. कालच्या ठिपक्यापासून आजच्या ठिपक्यापर्यंत ओढली की झाली रेघ. मग ते परत पाण्यात जात. एवढ्यात त्यांची अख्खी संध्याकाळ जाई.

ही रेघ नुसती बघायला नव्हती. समोरच्या डोंगरावर पाण्याचे एक मोठे टाके होते. पावसात ते भरायचे. त्याच्या तोंडाला दगडी बोळा बसवलेला होता. दोन अस्वले तिथे बसून खाली खडकाकडे बघत असत. त्यांना आकडे कळत नसत. इतक्या लांबून दिसतही नसत. त्यांना एकच गोष्ट दिसे. रेघ उतरत उतरत चौकटीच्या खालच्या कडेला टेकली की दोघांनी मिळून बोळा काढायचा. पाणी ओढ्यातून धावत तळ्यात यायचे. उन्हाळा निभायचा.

तोंडी निरोप अस्वले घेत नसत. पूर्वी घेत. पण मोहाची फुले खाऊन माकडे दर आठवड्याला "पाणी संपलं, पाणी संपलं!" असे ओरडत यायची. तेव्हापासून नियम झाला. रेघ टेकली तर बोळा. नाहीतर झोप.

मृदुलाला हे सगळे पहिल्याच दिवशी सांगण्यात आले. तिने मान डोलावली. ती ऐकत नव्हती, ती चुका शोधत होती.

पहिली चूक तिला लगेच सापडली. मोठ्या खडकाशेजारी एक छोटा, आडवा खडक होता. त्यावर धोंडोपंतांच्या गुरूंनी तळ्याचा नकाशा काढलेला होता. त्या जंगलात एक रिवाज होता. खडकावर कोरी जागा ठेवायची नाही, कोरी जागा अपशकुनी. म्हणून गुरूंनी गोल तळे दोन्ही बाजूंना ओढून खडकाच्या टोकापर्यंत नेले होते. तळे दुधी भोपळ्यासारखे लांबट झाले होते.

"हे तळं आहे?" मृदुलाने विचारले.

"हो," धोंडोपंत म्हणाले.

"काका, तळं गोल आहे!"

"मला माहीत आहे, पोरी. मी त्यातच राहतो."

मृदुलाने पाठीवरची डबी उघडली. डबीतून एक कोळी बाहेर आला. त्याचे नाव सूत्रे. विद्यावनात प्रत्येक पदवीधराला असा एक कोळी मिळत असे. त्याला आकडे सांगायचे आणि हुकूम द्यायचा. तो चिकट पांढऱ्या धाग्याने डोळ्यांची पापणी लवायच्या आत हवे ते चित्र विणून देई. हुकूम दिला नाही, तर आपल्या मनाने खडकाच्या मापात बसवून देई. तो कधी चुकत नसे. तो कधी काही विचारतही नसे.

"सूत्रे, दोन्ही आसांना समान प्रमाण!" मृदुलाने हुकूम सोडला. "आडवं एक हात म्हणजे उभंही एकच हात. खडकाला काय वाटेल त्याचा विचार करायचा नाही."

"जशी आज्ञा," सूत्रे म्हणाला.

क्षणात खडकाच्या मधोमध गोल गरगरीत तळे उमटले. दोन्ही बाजूंना कोरी जागा राहिली. काही म्हाताऱ्या प्राण्यांनी डोळे मिटून घेतले. पण पाणकोंबड्या ओरडल्या, "अगं बाई, पलीकडचा काठ एवढा जवळ आहे?" त्या पिढ्यान्‌पिढ्या नकाशा पाहून अलीकडेच राहत आल्या होत्या. त्या लगेच पोहत पलीकडे गेल्या. तिथले किडे खाऊन संध्याकाळी परत आल्या, तेव्हा त्यांच्या पोटांना हवे तेवढे समान प्रमाण मिळाले होते.

ही बातमी महाराजांपर्यंत गेली. महाराज म्हणजे हत्ती. त्यांनी मृदुलाला दरबारात बोलावून 'प्रमाणभूषण' ही पदवी दिली. त्यांचे प्रधान म्हणजे बगळा. त्यांनी आभाराचे भाषण केले. त्यात प्रमाण हा शब्द एकोणीस वेळा आला, आणि एकदाही कशाचे ते आले नाही.

मुलांनो, मृदुलाने इथेच थांबायला हवे होते. गोल तळे गोल दिसायला दोन्ही आस सारखे लागतात, हे अगदी खरे. पण एकदा टाळ्या मिळाल्या की तोच हुकूम सगळीकडे चालतो, असे वाटू लागते. हा आजार शिकलेल्यांनाच होतो. अशिक्षितांना टाळ्या मिळत नाहीत.

दुसऱ्या दिवशी ती मोठ्या खडकासमोर उभी राहिली. धोंडोपंतांची रेघ कड्यावरून उडी मारल्यासारखी खाली येत होती.

"बघा ही रेघ!" ती जमलेल्या प्राण्यांना म्हणाली. "बघूनच धडकी भरते. आणि पाणी किती कमी झालंय? भरल्या तळ्यात चाळीस हात. आज एकोणचाळीस. फक्त एक हात!"

ती धोंडोपंतांकडे वळली. "काका, तुमच्या खडकावर वरची कड चाळीस हातांची आणि खालची सदतीसची. खालचे सदतीस हात गेले कुठे?"

"तळ्यात आहेत."

"मग खडकावर का नाहीत?"

"खडकावर लागत नाहीत."

"ही दिशाभूल आहे! तीन हातांचा फरक तुम्ही ताणून चार हात उंच केलात. उभा आस शून्यापासून सुरू झाला पाहिजे. सदतीसच का? कोणी ठरवलं?"

धोंडोपंतांनी मान कवचातून थोडी बाहेर काढली.

"गुरूंनी ठेवली," ते म्हणाले. "कड ती कड. तू असं कर, एकदा काठावर ये. वाकून बघ."

"काका, मी आकड्यांवर काम करते," मृदुला प्रेमाने म्हणाली. म्हाताऱ्या माणसांशी प्रेमाने बोलावे, असे विद्यावनात शिकवत. त्यांचे ऐकावे असे शिकवत नसत.

आत्या मागे उभी होती. ती हळूच म्हणाली, "मृदुले, अगं ते एवढं म्हणतायत तर ये ना बघून."

"आत्या, चाळीस हात खोल तळ्यात एक हात पाणी कमी झालं, तर ते काठावरून बघितलं काय आणि झाडावरून बघितलं काय. सूत्रे! उभा आस शून्यापासून. आणि समान प्रमाण. एका दिवसाला जेवढी जागा, तेवढीच एक हात पाण्याला."

दिवस आणि हात या दोन गोष्टी समान कशा असतील, असा प्रश्न तुम्हाला पडला का? शाबास. त्या दिवशी तिथे तो कोणालाच पडला नाही. कोळ्याला पडला असेल, पण तो बोलत नसे.

"जशी आज्ञा," सूत्रे म्हणाला.

खडक नऊ हात लांब आणि चार हात उंच होता. उन्हाळ्याचे नव्वद दिवस आडवे बसले. तळ्याचे चाळीस हात उभे बसले. आणि पाण्याची रेघ खडकाच्या अगदी माथ्याशी, झोपलेल्या अजगरासारखी आडवी पसरली. उतार आहे हे सांगितल्यावरच दिसावे, इतकी सपाट.

प्राणी बघतच राहिले. मग एकदम आनंद झाला. एवढे पाणी! आणि आपण उगाच दरवर्षी घाबरायचो!

धोंडोपंत तेवढे म्हणाले, "कड लांब गेली."

"कड योग्य जागी गेली काका," मृदुला म्हणाली. "खरा तळ तिथे आहे."

"तळाशी मी जातो, पोरी. बाकी कोणी जात नाही." एवढे बोलून ते पाण्यात गेले. त्या दिवसापासून त्यांना संध्याकाळी काम उरले नाही.

महाराज रेघ बघायला स्वतः आले. त्यांना ती फार आवडली. "किती शांत रेघ आहे," ते म्हणाले. "आपला कारभार असाच दिसायला हवा." त्यांनी शेजारच्या तीन जंगलांच्या राजांना रेघ बघायला बोलावणी पाठवली. हत्तींनी दिवसातून तीनदा डुंबायला सुरुवात केली. पाणी भरपूर आहे हे आता खडकावरच लिहिलेले होते.

राहता राहिली रेघेखालची कोरी जागा. पुरुषभर उंच जागा कोरी ठेवायची म्हणजे अपशकुनच. प्रधानांनी तोडगा काढला. तिथे कमळे रंगवून घेतली. गुलाबी कमळे, हिरवी पाने, मधूनमधून एखादा बगळा. मृदुलाला ते तितकेसे पटले नाही. पण आसांना धक्का लागला नव्हता, म्हणून तिने तत्त्वाचा प्रश्न केला नाही.

दिवस गेले. दर दहा दिवसांनी पाणी एक हात उतरत होते. खडकावर ते बोटभर, दोन बोटे दिसे. सूत्रे रोज अचूक ठिपका देई.

विसाव्या दिवशी ससे तक्रार घेऊन आले. "ताई, पाणी खाली गेलंय."

"खडक बघितलात?"

"बघितला. खडकावर भरपूर आहे."

"मग?"

"तोंडाला येत नाही."

मृदुलाने त्यांना समजावले. एकेकाचा अनुभव वेगळा आणि एकूण चित्र वेगळे. एकूण चित्रात चाळीसपैकी सदतीस हात पाणी आहे. म्हणजे जवळजवळ सगळेच. सशांनी एकमेकांकडे पाहिले. त्यांना आकडे पटले. तहान तशीच राहिली. एक ससा डोंगरावर जाऊन आला. अस्वले म्हणाली, "रेघ तर अजून माथ्यावर आहे. माकडांनी पाठवलं का रे तुला?"

त्या संध्याकाळी आत्याने द्रोण आणला तेव्हा तो अर्धाच होता. तिच्या पोटावर ओला चिखल होता.

"सांडलं का गं आत्या?"

"हो, सांडलं," आत्या म्हणाली. चिखल पुसत म्हणाली, "मृदुले, तुझ्या त्या रेघेत माझी मान कुठे येते गं?"

मृदुलाला हसू आले. "आत्या, रेघ पाण्याची आहे. त्यात मान कशी येईल?"

"नाही येत होय," आत्या म्हणाली. "बरं." आणि ती रिकामा द्रोण घेऊन गेली.

पंचविसाव्या दिवशी दुपार झाली तरी द्रोण आला नाही. मृदुला बिळात भाषण लिहीत होती. तीन राजे येणार होते. भाषणाचे नाव होते 'तळागाळापर्यंत सत्य'. तिचा घसा सुकला. तिने दोनदा हाक मारली. मग ती चिडून उठली. आल्यापासून पहिल्यांदाच ती पाण्याकडे स्वतः निघाली.

तळ्याच्या काठाला दगडी पायऱ्या होत्या. त्या तीन हात उतरून संपत. शेवटच्या पायरीवर पाण्याच्या जुन्या खुणा होत्या. त्या पायरीखाली नुसता गाळ होता, निसरडा आणि खोल. पाणी गाळाच्या पलीकडे चमकत होते. भरपूर पाणी. साडेछत्तीस हात.

आणि गाळात आत्या होती.

ती छातीपर्यंत रुतली होती. पळसाचा द्रोण तिने दातांत धरून ठेवला होता. काठावर ससे, खारी आणि मुंगसे गोंधळ करत होती. ओढायला पुढे जावे, तर धरायचे कुठे? साळिंदराला काट्यांना धरून ओढता येत नाही बाळांनो. ज्यांनी प्रयत्न केला होता ते पंजे चाटत बसले होते.

"आत्या!" मृदुला ओरडली आणि शेवटच्या पायरीवर आडवी झाली. तिने मान ताणली. पुढचे पाय ताणले. आत्यापर्यंत पोहोचेना. पाण्यापर्यंतही पोहोचेना. चार बोटे कमी पडत होती. चार बोटे म्हणजे खडकावर काय? खडकावर ती दिसलीही नसती.

तेवढ्यात गाळ हलला. धोंडोपंत खालून वर आले. ते सरकत सरकत आत्याच्या पोटाखाली शिरले आणि तिला पाठीवर घेऊन उठले. गाळात कासव कधीच घाई करत नाही. पण त्या दिवशी त्यांनी केली. म्हणजे अर्धी दुपार लागली.

आत्या पायरीवर आली. तिने द्रोण खाली ठेवला. त्यात दोन घोट गढूळ पाणी होते.

"घे," ती मृदुलाला म्हणाली. "सकाळपासून प्यायली नसशील."

मृदुलाच्या पाठीचे चारशेही काटे खाली बसले. साळिंदराचे काटे रागाने उठतात हे सगळ्यांना माहीत आहे. शरमेने बसतात हे कमी जणांनी पाहिले आहे.

तिने आत्याला ते पाणी पाजले. मग तिने शेवटच्या पायरीकडे पाहिले. बोटांनी मोजले. पहिल्या पायरीपासून तीन हात. चाळीसातून तीन गेले.

"काका," ती म्हणाली. "ही पायरी सदतीसची आहे."

"हो."

"इथून खाली आमची मान पोहोचत नाही. म्हणून कड इथे होती."

"असेल," धोंडोपंत म्हणाले. "गुरूंनाही मान आखूडच होती."

"मग तुम्ही मला तेव्हा हे सांगितलं का नाही?"

"कड ती कड, असं सांगितलं. काठावर ये, असंही सांगितलं. मला एवढंच बोलता येतं. बाकीचं तू बोलत होतीस."

मृदुलाने डबी उघडली. "सूत्रे, तुला तरी कळलं होतं ना?"

"आपण शून्य सांगितलंत," सूत्रे म्हणाला. "मी शून्य दिलं."

ती धावत काठावरच्या दरबारात गेली. महाराज डुंबून नुकतेच बाहेर येत होते. सोंडेतून पाणी गळत होते.

"महाराज, रेघ चुकली!"

"चुकली? म्हणजे साडेछत्तीस हात पाणी नाही?"

"आहे, महाराज."

"मग रेघ खरी आहे."

"रेघ खरी आहे. तिची कड चुकीच्या जागी आहे. शून्याशी पाणी पिणारा या जंगलात कोणी नाही. लहान प्राण्यांचं पाणी पाच दिवसांपूर्वीच संपलं."

महाराजांनी सोंड लांब करून तळ्यात बुडवली आणि ते घोटभर पाणी प्यायले. "मला तर लागतंय," ते म्हणाले.

"मलाही," प्रधान बगळा म्हणाले. त्यांची मान महाराजांच्या सोंडेखालोखाल लांब होती. दरबारात सगळ्यांच्याच माना लांब होत्या. त्याशिवाय दरबारात घेत नसत.

"जुनी रेघ परत काढते, महाराज. एक क्षण लागेल."

"ती घाबरवणारी? परवा तीन राजे येतायत!" महाराज म्हणाले. "तुम्हीच म्हणालात ना, ती दिशाभूल आहे? मी ते पाठ केलंय. ही रेघ आता दरबारची आहे. तिला कोणी हात लावायचा नाही."

"ताई दमल्या आहेत," प्रधान हळुवार आवाजात म्हणाले. "इतकं खरं बोलायचं म्हणजे दमायला होतंच."

मृदुला परत आली. आत्या बिळात पडून होती. तिचे ओठ कोरडे होते. ससे पिल्लांना घेऊन निघायची तयारी करत होते. नदी चार दिवसांच्या वाटेवर होती. पिल्लांचे पाय तेवढे चालणारे नव्हते, हे सगळ्यांना माहीत होते.

"थोडं थांबा," मृदुला त्यांना म्हणाली. "उद्या उन्हं वर येईपर्यंत तरी."

"खडकावर काही लिहिणार आहात का, ताई?" एका सशाने विचारले. टोमणा होता. तिने तो घेतला.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मृदुला कामाला लागली.

तिने पाठीवरचा पहिला काटा उपटला. मग दुसरा. साळिंदराचा काटा आपोआप गळतो तेव्हा दुखत नाही. उपटला की दुखतो. तिने साठ काटे उपटले. मग ती डबी घेऊन खडकासमोर उभी राहिली.

प्रधान आले. "ताई, रेघेला हात लावायचा नाही हं."

"लावत नाही," मृदुला म्हणाली. "पाहुणे येतायत. तुमच्या कमळांना चौकट नको का?"

प्रधानांची मान आनंदाने सरळ झाली. "हे मलाच कसं सुचलं नाही!"

"सूत्रे," मृदुला म्हणाली. तिचा आवाज आज हुकमासारखा नव्हता. "हे काटे चिकटव. एक ओळ खाली, दोन बाजूंना. आणि एक आडवी ओळ वर, खडकाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. ठळक. डोंगरावरून दिसेल अशी."

"आकडा?"

"सदतीस."

"जशी आज्ञा," सूत्रे म्हणाला.

काळेपांढरे काटे उन्हात चमकले. कमळांच्या डोक्यावर एक जाड, सरळ कड तयार झाली. पाण्याची सपाट रेघ माथ्याकडून येत होती. ती हळूच त्या कडेला टेकली होती आणि शेवटी जरा खाली गेली होती. रेघ तीच होती. तिला कोणी हात लावला नव्हता.

प्रधान मान वाकडी करून बघत राहिले. "रेघ चौकटीत थोडी डोकावते का?"

"कमळाच्या देठासारखी दिसते," मृदुला म्हणाली.

"खरंच की!" प्रधान म्हणाले. "अगदी देठ!" आणि ते महाराजांना सांगायला उडाले.

समोरच्या डोंगरावर एक अस्वल जांभई देत उठले. त्याने डोळे चोळले. खाली खडकाकडे पाहिले. मग शेजारच्याला ढोसले.

"अरे ऊठ! टेकली!"

"टेकली?"

"टेकली कसली, खाली गेली! कधीची गेली रे ही? आपण झोपलो होतो काय?"

थोड्याच वेळात डोंगरावरून दगड सरकल्याचा आवाज आला. सशांनी कान उभे केले. आत्या बिळाच्या तोंडाशी आली. तिने सवयीने द्रोण उचलला.

"ठेव तो," मृदुला म्हणाली. पाठीवर साठ ठिकाणी आग होत होती. "आजपासून मी काठावर येऊन, वाकून पिणार आहे. मग रेघ काढणार आहे."

तात्पर्य: मुलांनो, शिकलेल्या माणसाने प्रमाण नेहमी शून्यापासूनच धरावे. पाणी दुसरे कोणी आणून देत असेल, तर त्यात कधीच काही अडचण येत नाही.